उडद्या ओळखायचा तर आधी झाड ओळखा

बेळगावजवळ कडोलीच्या वाटेला आमचं शेत आहे. मुळा, नवलकोल, कोबी अशी भाजी, आणि जूनला एका तुकड्यात हिरवळीच्या खतासाठी ताग. काही वर्षांमागं मुळ्याच्या कोवळ्या रोपांची पानं चाळणीसारखी झाली. शेजारच्या तागावरही उडद्या, म्हणजे पानं कुरतडणारे बारीक भुंगेरे, उड्या मारत होते. कीड तिकडूनच येते म्हणून मी अख्खा ताग उपटून टाकला. मुळ्याची भोकं काही थांबली नाहीत. तागावरचा भुंगेरा वेगळा, मुळ्यावरचा वेगळा, हे मला फार उशिरा कळलं. उभं खत हातचं गेलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते.

आधी तो उडद्याच आहे ना, ते बघायचं. सकाळी ऊन चढायच्या आत जा. गारव्यात तो सुस्त असतो, दुपारी हाताला लागत नाही. पानाखाली पांढरी थाळी धरा आणि देठाला टिचकी मारा. थाळीत पडेल तो मोहरीएवढा, फार तर तिळाएवढा दाणा. त्याला काडीनं डिवचा. क्षणात नाहीसा झाला तर अर्धी ओळख पटली. पण उड्या तुडतुडेही मारतात. त्यांचे पंख मऊ, छपरासारखे उतरते असतात आणि ते रस शोषतात, पान कुरतडत नाहीत. भुंगेऱ्याची पाठ टणक, मधोमध सरळ शिवण असलेली.

दुसरा उडद्या बाटलीत धरा आणि घड्याळजीच्या भिंगातून बघा. मागची मांडी बघायची. नाकतोड्याच्या मांडीसारखी ती फुगीर असते, कारण तिच्या आत स्प्रिंगसारखा कडक भाग असतो आणि उडीचा जोर तिथून येतो. मिशा दोऱ्यासारख्या बारीक, दोन डोळ्यांच्या मधून एकमेकींना लागून निघालेल्या. तोंडाला सोंड दिसली तर तो सोंड्या भुंगेरा. काकडी-दोडक्यावरचा लाल भुंगेरा याच कुळातला, पण चांगला मोठा, आणि तो उडी मारत नाही.

आता झाडाकडं या. उडद्यांच्या बहुतेक जाती एका झाडावर नाहीतर एकाच कुळातल्या झाडांवर जगतात, त्यामुळं झाड नक्की झालं की निम्मं काम होतं. मुळा, मोहरी, कोबी, नवलकोल ही सगळी एका कुळातली. त्यांच्यावर फायलोट्रेटा नावाचा उडद्या येतो: कुठला निळसर काळा चमकदार, कुठल्याच्या पाठीवर दोन नागमोडी पिवळे पट्टे. त्याच्या अळ्या मातीत मुळं खातात. पानावर गोल बारीक भोकं पडतात, आणि दोन पानांवरचं रोप त्यातच जातं. मोठा गड्डा तेवढ्यानं मरत नाही. भेंडीवरचा वेगळा, तो भेंडी-अंबाडीच्या कुळाचा. भाताच्या बांधावर, पाणथळीत चार पिवळ्या पाकळ्यांची पानलवंग उगवते. तिच्यावर निळाशार चकाकणारा अल्टिका नावाचा उडद्या दिसतो. तो तण खातो, त्याला खाऊ द्या.

आणि ताग. त्याच्यावरच्या उडद्याचं शास्त्रीय नाव लाँगिटार्सस बेल्गॉमेन्सिस! भुंगेऱ्यांचे अभ्यासक मार्टिन जेकोबी यांनी 1896 साली त्याचं वर्णन केलं आणि आपल्या बेळगावचं नाव त्याला दिलं. ज्याला मुळ्याचा शत्रू समजून मी ताग उपटला, त्याच्या नावात आमचं गाव होतं. लाँगिटार्सस म्हणजे लांब पावलाचा. भिंगाखाली मागच्या पावलाचं पहिलं पेर पायाच्या नडगीच्या निम्म्याहून लांब दिसतं. ही खूण एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही.

भुंगेरा झाडावर बसलेला दिसला म्हणून ते त्याचं खाद्य ठरत नाही. वाऱ्यानं, उडीनं तो कुठंही पडतो. मी काचेच्या बरणीत ओलसर कागद घालते, ज्या झाडावर सापडला त्याचं एक ताजं पान आणि शेजारच्या पिकाचं एक पान ठेवते, तोंडाला मलमलचं फडकं बांधते, बरणी सावलीत ठेवते. दुसऱ्या दिवशी बघायचं, भोकं कुठल्या पानाला पडली. दोन्ही पानं ठेवायचीच. एकटं पान असेल तर उपाशी जीव नको त्यालाही तोंड लावतो.

माझी बहीण अथणीकडं द्राक्ष करते. तिकडं छाटणीनंतर फुगलेले डोळे खाणाऱ्या किड्यालाही उडद्याच म्हणतात. तो तांबूस कांस्य रंगाचा, पाठीवर सहा काळे ठिपके असलेला. खरं तर तो या गटातला नाहीच. मांडी बारीक, आणि हात लावला की मेल्यासारखा खाली पडतो. म्हणून तिकडं वेलीखाली उलटी छत्री धरून वेल हलवायचा, पडले की रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. मुळ्यातला उडद्या छत्रीत टिकणार नाही, उडून जाईल.

जातीपर्यंत खात्री हवी असेल तर चार-पाच भुंगेरे सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. कागदावर तारीख, गाव, झाडाचं नाव पेन्सिलीनं लिहून तो कागद कुपीच्या आतच घाला, कारण शाई अल्कोहोलमध्ये पुसते. झाडाची फुलासकट फांदी वहीत दाबून ठेवा. किती जाती नुसत्या दिसण्यावरून वेगळ्या करता येत नाहीत, पोटातले भाग उघडून बघावे लागतात, आणि ते काम तज्ज्ञांचं. तुमच्याकडून त्यांना लागतं ते झाडाचं बरोबर नाव.