पत्रमित्रांची जुनी पत्रे जपायची कशी, आणि मित्र शोधायचे कसे

ठाण्यात हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या हवेत माळ्यावरचा गठ्ठा खाली घ्या.

आधी पत्रे सावलीत, पंख्याखाली सुटी पसरा. उन्हात नको, फाउंटन पेनाची शाई उडते. बुरशी असेल तर तोंडाला फडके बांधून गॅलरीत मऊ कोरड्या ब्रशने झटका. रबरबँड, टाचण्या, स्टेपलच्या पिना काढून टाका. गंजलेली पिन ओढायची नाही, कागद दाबून धरून तिची टोके आधी उलगडायची. फाटले तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते करून देणारे दुकानदार ‘कायमचं टिकेल’ म्हणतात, पण उष्णतेने एकदा चिकटलेला कागद पुन्हा सुटा होत नाही.

मग पत्रे माणसागणिक लावा, त्यात तारखेप्रमाणे. अडचण अशी की मित्रमंडळी ‘मंगळवार, रात्र’ एवढेच लिहून मोकळी होत. अशा वेळी पोस्टाचा शिक्का बघा, म्हणून पाकिटे फेकू नका. शिक्का पुसट असेल तर पत्त्यात पिनकोड आहे का पाहा. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला, तेव्हा तो असेल तर पत्र त्यानंतरचे. अंदाजाने काढलेले साल पेन्सिलीने, तेही पाकिटावरच लिहा.

स्कॅनिंग 300 डीपीआयला पुरते, फिकट शाईला 600 ठेवा. मोबाइलने काढणार असाल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. इनलँडच्या दुमडायच्या पट्ट्या विसरू नका. जागा संपल्यावर आडवा-तिडवा कोंबलेला ‘ता. क.’ तिथेच असतो, आणि बहुतेक वेळा खरी बातमीही. फाइलचे नाव 1984-06-12 असे साल आधी घालून द्या, क्रम आपोआप लागतो. तीन प्रती करा, एक घराबाहेर, भावाबहिणीकडे. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका.

मूळ पत्रे सुती कापडात गुंडाळून कपाटात. कपाट पाऊस झोडपतो त्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेले नसावे. डांबरगोळी कागदाला लागू देऊ नका; कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. गणपती झाले की एकदा उघडून बघा.

इथे बरेच जण थांबतात. पण तुमच्याकडे आहे ती निम्मीच गोष्ट: तुम्ही लिहिलेली पत्रे त्याच्या किंवा तिच्या घरी आहेत. ती मिळाल्याशिवाय ‘तुझं म्हणणं पटलं नाही’ हे कशाबद्दल होते, ते कळायचे नाही.

शोधायला पत्राच्या मागचा पत्ता घ्या. नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या कितीतरी जुन्या इमारती पाडून नव्या झाल्या. मूळ रहिवासी कुणी तिथेच, कुणी घोडबंदर रोडला. सोसायटीच्या ऑफिसात चौकशी करा, शेजारचा वाणीही बरेच सांगतो. मुंबई-ठाण्याचा सात आकडी लँडलाइन नंबर असेल तर पुढे 2 लावून पाहा. नाहीच तर जुन्या पत्त्यावर साधे पोस्टकार्ड टाका: नाव, कोणत्या निमित्ताने ओळख, तुमचा फोन. बस. जुने रुसवे-फुगवे कार्डावर काढायचे नाहीत, ते पोस्टमनही वाचतो.

गाठ पडली की त्यांच्या पत्रांच्या प्रती आधी त्यांना द्या आणि मग तुमची मागा. भेटायला तलावपाळी बरी, घरी बोलावले की दोन्हीकडचे चहा-फराळात अडकतात. काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी विचारा. कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो, आणि भारतात तो मृत्यूनंतरही 60 वर्षे वारसांकडे राहतो. मित्र हयात नसेल तर मुलांना आधी दोनच साधी पत्रे दाखवा. बाकीची हवीत की नकोत, ते त्यांना ठरवू द्या.