क्षारपड रानात कडवळ आणि गवारी: पेरण्याआधी बाटली हलवा

वाळवा तालुक्यातलं आमचं कृष्णाकाठचं बावीस गुंठे रान एके काळी उसाचं. नदीचं पाणी पाइपलाइननं बांधावर आलं आणि सासऱ्यांनी सऱ्या काठोकाठ पाजल्या. काळी भारी माती, निचरा नाही. खालचं पाणी वर आलं, त्याच्यासोबत मीठही आलं. उन्हाळ्यात तिथं चुन्याची फक्की मारल्यासारखं दिसायचं आणि ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. दारात चार म्हशी, वैरण विकतची. म्हटलं, उसाचं सोडा, निदान हिरवं तरी पिकवू.

पहिल्या वर्षी कडवळ, म्हणजे हिरव्या वैरणीची ज्वारी, आणि चवळीचं बी एकत्र कालवून फोकलं. कडवळ विरळ का होईना, उगवलं. चवळी दोन पानांवर आली आणि कडा करपून बसली. पण वरच्या बांधालगत तीच चवळी कडवळावर चढून फुलली होती! रान एकच, पण मीठ सगळीकडे सारखं नव्हतं. तेव्हापासून आधी मीठ कुठं किती ते बघते, मग बी आणते.

मे महिन्यात रान वाळलं की पायी फिरून बघा. पांढरा पापुद्रा कुठं, काळपट तेलकट डाग कुठं, गवतसुद्धा कुठं उगवत नाही. प्रत्येक जागची मूठभर सुकी माती काचेच्या बाटलीत घाला, तिच्या पाचपट पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते पाणी ओता, हलवा आणि दिवसभर ठेवा. पाणी लवकर नितळलं तर नुसतं मीठ जास्त. दुसऱ्या दिवशीही गढूळच राहिलं तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम मातीला चिकटलाय. फरक मोठा आहे. चोपणीला जिप्सम लागतं. नुसत्या खाऱ्या रानाला निचरा आणि गोडं पाणी लागतं. आम्हाला एका दुकानदारानं काही न विचारता जिप्समची पोती गळ्यात मारली होती. पैसे गेले, मीठ जागेवरच.

मात्र दोन्ही दोष एकत्र असले तर बाटली फसवते, म्हणून मातीचा अहवाल घ्याच. त्यात सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर चोपणीचा संशय धरा. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, तिच्यावरून मीठ किती ते कळतं. तिचा आकडा वाचताना एक घोळ होतो. क्षारयुक्त जमिनीची ४ ची मर्यादा सगळे सांगतात, पण ती संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे मातीचा पाण्यात लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याची. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात. त्या मोजणीत १ च्या पुढं गेलं की उगवणीची काळजी सुरू होते, आणि ३ म्हणजे बरीच पिकं हात टेकतात. ‘२.६ आलंय, ४ च्या आतच आहे’ म्हणून मीही खूश झाले होते.

आता मी रानाचे तीन पट्टे करते. बांधालगत मीठ कमी, तिथं कडवळ आणि चवळी. मधल्या पट्ट्यात कडवळ आणि गवारी. गवारी चवळीपेक्षा मीठ खूप जास्त सोसते, फक्त कोवळेपणी जपावी लागते. सगळ्यात खालच्या पट्ट्यात द्विदलाचा हट्ट धरत नाही, नुसतं कडवळ. मका तर तिकडं फिरकवतच नाही.

बी किती? दोन ओळी कडवळ, एक ओळ गवारी या हिशोबानं, सगळीकडे हीच जोडी घेतली तर बावीस गुंठ्यांना ७ किलो कडवळ आणि साडेतीन किलो गवारी. चांगल्या जमिनीपेक्षा हे चौथाईनं जास्त आहे, कारण सगळं उगवत नाही. गवारीच्या बियाला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत, चोळून सावलीत सुकवा.

पेरणीची घाई नको. तीन-चार दणकून पाऊस पडू द्या, वरचं मीठ खाली धुऊन जाऊ द्या, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की दोन फुटी सऱ्या पाडा. बी वरंब्याच्या डोक्यावर टोकू नका. सरीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडतं आणि मीठ डोक्यावर ठेवून जातं. बगलेला, पाणी जिथवर भिजवतं त्याच्या जरा वर, दीड इंच खोल टोका. आमची अर्धी सुधारणा या एका गोष्टीनं झाली.

पावसानं ओढ दिली तर हलकं पाणी द्या, चौथ्या-पाचव्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं हलकं पाणी. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर उगवणीपुरतं तरी नदीचं घ्या. मोठ्या पिकाला मचूळ चालेल, कोंबाला नाही. शेणखत पेरणीआधी मिसळा. युरिया कडवळाच्या ओळीलाच, हप्त्यानं, मातीआड. उघड्यावर टाकलात तर हवेत उडतो, आणि गवारीला जास्त मिळाला तर तिच्या गाठी आळशी होतात.

कापणीत धीर धरा. ताण बसलेलं कोवळं कडवळ जनावराला विषारी असतं, आमच्याकडे किराळ लागणं म्हणतात. निम्मं शेत फुलोऱ्यात आल्याशिवाय विळा लावू नका. गवारी तोवर फुलून कोवळ्या शेंगांवर येते, त्यापुढं तिचा बुडखा लाकूड होतो. लव असल्यामुळं आमची थोरली म्हैस आधी नाक मुरडायची. दोन्हीची एकत्र कुट्टी केली आणि तक्रार संपली. नुसत्या कडवळावर पेंड जास्त लागायची, ती आता थोडी कमी घालते.

रब्बीत तिथं ओट टाकते. बरसीम किंवा लसूणघास नाही, त्यांना मीठ लवकर लागतं. ओट कापल्यावर बुडखे आणि पालापाचोळा तसाच पडू देते, कारण उघडं रान दिसलं की मीठ वर यायला टपलेलंच असतं. खालच्या बाजूला चर खणलाय. पाणी त्यातून ओढ्याकडं वाहतंय का, हे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघून येते.