सायक्लिकल शेअर्सची तुलना करताय? आधी कंपनीचं सगळ्यात वाईट वर्ष काढा

साबण, टूथपेस्ट माणूस मंदीतही घेतोच, पण नवी गाडी, भारीतले बूट, फिरायला जाणं, घराचं रिनोव्हेशन हे सगळं "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ढकलता येतं. अशा ढकलता येणाऱ्या खर्चावर ज्यांचा धंदा चालतो त्या कन्झ्युमर सायक्लिकल कंपन्या. अमेरिकेत २००७ मध्ये साधारण १.६ कोटी गाड्या विकल्या गेल्या होत्या आणि २००९ मध्ये जेमतेम १.०४ कोटी, म्हणजे दोन वर्षांत एक तृतीयांश धंदा गेला. त्यामुळे दोन कंपन्या शेजारी ठेवल्या की गेल्या वर्षीचा नफा मी नंतर बघतो.

पहिलं काम, जोडी नीट लावा. ॲमेझॉन, मॅकडोनाल्ड्स आणि टेस्ला एकाच सेक्टरच्या यादीत दिसतात पण त्यांची एकमेकांशी तुलना करून काय मिळणार? होम डेपो आणि लोज (दोन्ही घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांच्या साखळ्या), नायकी आणि आदिदास, अशा एकाच गिऱ्हाइकासाठी भांडणाऱ्या जोड्या घ्या. मग वर्ष जुळवा, कारण नायकीचं वर्ष ३१ मे ला संपतं आणि आदिदासचं डिसेंबरला, तेव्हा वार्षिक आकडे तसेच न उचलता दोघांच्या त्याच काळातल्या चार तिमाह्यांची बेरीज करा. अजून एक भानगड म्हणजे अकाउंटिंग. आदिदास आयएफआरएसने (युरोपसह बऱ्याच देशांत चालणारे हिशोबाचे नियम) हिशोब लिहिते, तिथे दुकानांचं बरंचसं भाडं घसारा आणि व्याजात जातं आणि एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) आपोआप फुगलेला दिसतो, अमेरिकन पद्धतीत ते बहुतेक वेळा भाडं म्हणूनच खर्चात बसतं. म्हणून एबिटडावरून अशा दोघांची तुलना मी करतच नाही.

दुसरं, किमान १० वर्षांची विक्री आणि ऑपरेटिंग मार्जिन (व्याज आणि कराआधी धंद्यातून सुटणारा नफा, विक्रीच्या टक्क्यात) एका शीटमध्ये भरा, आणि त्यात एक तरी पडझडीचं वर्ष यायलाच हवं, नसेल तर अजून मागे जा. प्रत्येक कंपनीचं सगळ्यात वाईट वर्ष लाल करून ठेवा.

आता ते वर्ष इतकं वाईट का गेलं ते शोधा, बहुतेक वेळा उत्तर फिक्स्ड खर्चात, म्हणजे विक्री पडली तरी तेवढाच राहणाऱ्या खर्चात असतं. समजा दोन्ही कंपन्यांची विक्री १०० आणि नफा १० आहे. पहिलीचा फिक्स्ड खर्च ६० आणि विक्रीबरोबर कमीजास्त होणारा ३०, दुसरीचं बरोबर उलटं. विक्री १५ टक्के पडली की पहिली ०.५ तोट्यात जाते आणि दुसरीला तरीही ४ नफा राहतो. कागदावर काल दोघी सारख्याच होत्या! अर्थात तेजीत पहिलीच जोरात पळते, त्यामुळे ती वाईट असं नाही, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत हवं.

मग गोडाऊनमधला माल बघा, ही माझी सगळ्यात आवडती जागा. माल विक्रीपेक्षा भराभर वाढत असेल तर पुढे डिस्काउंट लागणार आणि मार्जिन खाणार. ऑगस्ट २०२२ ला संपलेल्या तिमाहीत नायकीची विक्री ४ टक्क्यांनी वाढली होती आणि माल ४४ टक्क्यांनी, ग्रॉस मार्जिन (मालाची किंमत वजा केल्यावर विक्रीतून उरणारा हिस्सा) तर आधीच घसरलं होतं. रिटेल असेल तर सेम स्टोअर सेल्स (फक्त जुन्या दुकानांची विक्री) पण बघा, नाहीतर नवीन दुकानं उघडून वाढवलेली विक्री खरी वाढ वाटते.

कर्जाकडे कानाडोळा नको. फोर्डने २००६ च्या शेवटी, म्हणजे वादळ यायच्या आधीच, मालमत्ता तारण ठेवून २३ अब्ज डॉलरहून जास्त उभे केले आणि दिवाळखोरी टाळली, जनरल मोटर्सला मात्र १ जून २००९ ला दिवाळखोरीसाठी कोर्टात जावं लागलं. दुसरा प्रकार जास्त फसवा असतो, कंपनी वाचते पण जुना शेअरहोल्डर पातळ होतो. २०२० मध्ये क्रूझ थांबल्या तेव्हा कार्निव्हलने कर्ज तर वाढवलंच, शिवाय शेअर्सची संख्याही दोनेक वर्षांत दीडपटीच्या वर गेली. जहाजं परत भरली तरी प्रत्येक शेअरच्या वाट्याला येणारा हिस्सा लहानच राहिला. म्हणून शीटमध्ये शेअर्सच्या संख्येचा कॉलम ठेवाच, आणि वाईट वर्षातला ऑपरेटिंग नफा आजच्या व्याजाला पुरतो का तेही तपासा.

पीई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा) मुद्दाम शेवटी ठेवलाय. सायक्लिकलमध्ये पीई सगळ्यात स्वस्त दिसतो तो नफा शिखरावर असताना, मी पण एकदा असाच एका गाड्यांच्या कंपनीत पीई ६ बघून उडी मारली होती आणि वर्षभरात तोच शेअर पडूनसुद्धा "महाग" दिसायला लागला, कारण नफाच आटला होता. भाव १२०, यंदाचा ईपीएस (एका शेअरमागचा नफा) २० म्हणजे पीई ६, पण १० वर्षांचा सरासरी ईपीएस ८ असेल तर खरा आकडा १५. दोन्ही कंपन्यांना हीच सरासरी लावा, आणि मधे शेअर्सची संख्या बदलली असेल तर एकूण नफ्याच्या सरासरीला आजच्या संख्येने भागा.

दोन्ही महाग निघाल्या तर शीट सेव्ह करून ठेवा, पुढच्या तिमाहीचे रिझल्ट आले की माल, कर्ज आणि भाव एवढेच कॉलम बदलायचे, वीसेक मिनिटांचं काम आहे.