मुंबई–नागपूर: विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

मुंबई ते नागपूर अंतर किती, असे विचारल्यास तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात: सीएसएमटीपासून लोहमार्गाने 837 किलोमीटर, समृद्धी महामार्गाने 701 (तेही भिवंडीजवळच्या आमणेपासून मोजले तर), आणि विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत सुमारे 680. उड्डाणाचा वेळ काढायला यातला शेवटचा आकडा लागतो आणि तो घरबसल्या काढता येतो.

त्यासाठी अक्षांश-रेखांश शहराचे न घेता विमानतळाचेच घ्यावेत. मुंबईच्या सहार येथील विमानतळाचे 19.09 उत्तर व 72.87 पूर्व, तर नागपूरच्या सोनेगावचे 21.09 उत्तर व 79.05 पूर्व असे आहेत. अक्षांशांत 2 अंशांचा फरक आहे आणि एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून उत्तर दिशेने 222 किलोमीटर झाले. रेखांशांचा फरक 6.18 अंश आहे, परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जात असल्याने हा फरक 111 ने गुणून पुन्हा मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे 20 अंशांच्या, कोज्येने (कोसाइनने, म्हणजे 0.94 ने) गुणावा लागतो, तेव्हा 645 किलोमीटर मिळतात. शाळेतला पायथागोरस लावला की उत्तर येते 682. लंडनसारख्या दूरच्या प्रवासाला ही सपाट रीत चालत नाही; तिथे संगणकावर गूगल मॅप्समधील अंतर मोजण्याची सोय वापरावी, कारण ती पृथ्वीची वक्रता धरते.

आता वेळ. एअरबस ए320 जातीचे विमान उंचीवर ताशी 800 किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणून 682 ला 800 ने भागून 51 मिनिटे येतात. पण तेवढ्यावर विसंबून बहिणीला सोनेगावला बोलावले, तर ती बिचारी अर्धा तास ताटकळते. चढताना-उतरताना वेग कमी असतो, शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. म्हणून भागाकारात 30 ते 40 मिनिटे मिळवावीत. सुमारे दीड तास हा हिशेब वेळापत्रकाशी जुळतो.

मुंबईपुरती थोडी जास्त सवड धरणेच शहाणपणाचे, कारण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्यातच उड्डाण बहुधा पश्चिमेकडे होते: जायचे असते विदर्भात आणि खिडकीतून आधी दिसतो तो अरबी समुद्र, मग विमान वळून पूर्वेकडे लागते. हा वळसा 682 मध्ये धरलेला नाही.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे जोरात असल्याने जाताना काही मिनिटे वाचतात आणि परतताना तेवढी जातात. लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात हा फरक सहज अर्ध्या तासावर जातो. तिकीट नव्या मुंबईच्या विमानतळाचे असेल, तर अक्षांश-रेखांश उलव्याचे घेऊन आकडेमोड पुन्हा करावी. अंतर सोळाएक किलोमीटरने कमी भरेल, म्हणजे हवेत जेमतेम सव्वा मिनिट वाचेल. बोरिवलीकराला मात्र तिथवर पोहोचायलाच उड्डाणाइतका वेळ लागू शकतो.