जुन्या मोटरसायकलला हलकी चेन: ६३० वरून ५३०, ५३० वरून ५२०

चेनच्या बाहेरच्या पट्टीवर ठोकलेला आकडा आधी वाचा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे. पहिला अंक पिचचा. पिच म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ते इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५ म्हणजे १५.८७५ मिमी, ६ म्हणजे १९.०५ मिमी. शेवटचे दोन अंक आतल्या पट्ट्यांमधली रुंदी सांगतात: ३० असेल तर ९.५३ मिमी, २५ असेल तर ७.९४ आणि २० असेल तर ६.३५ मिमी. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या पुस्तकात ५/८ × ३/८ असं लिहिलेलं सापडतं, ती आजची ५३० चेन.

हलकी चेन बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ६३० काढून ५३० लावताना पिच बदलतो, म्हणजे दातांची संख्याही बदलते. ५३० काढून ५२० लावताना पिच तोच राहतो, फक्त रुंदी कमी होते. दोन्हींत पुढचं आणि मागचं अशी दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं) बदलावीच लागतात. ५३० च्या स्प्रॉकेटवर ५२० चेन बसतच नाही, आणि ५२० च्या स्प्रॉकेटवर ५३० चेन चढवली तर ती आडवी डुलत दातांच्या कडा खाते.

६३० असलेल्या गाड्यांना, उदाहरणार्थ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या सुझुकी जीएस १००० किंवा कावासाकी झेड १००० ला, हा बदल करूनच टाकावा. त्या काळच्या चेन बनवण्याच्या पद्धतीत ताकद हवी तर जाडी वाढवावी लागे. आजची चांगली ओ-रिंग (आतलं ग्रीस धरून ठेवणारी रबरी कडी) असलेली ५३० चेन तेवढी ओढ सहज सहन करते आणि बरीच हलकी असते. ५३० वरून ५२० चा फायदा मात्र लहान आहे. शंभर कड्यांमागे अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाचतं, स्प्रॉकेटचं थोडं वेगळं. त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते: ओढ तीच, पण ती पेलणारं बुश (पिनभोवतीची नळी) आखूड, त्यामुळे पिन आणि बुश लवकर झिजतात. रोज लांब पल्ला मारणाऱ्या जड गाडीला ५२५ हा मधला मार्ग बरा. ५२० घ्यायचीच असेल तर चेन बनवणाऱ्याने ती किती सीसीपर्यंत चालेल म्हणून दिली आहे ते पाहा. तुटण्याच्या ताकदीचा मोठा आकडा पाहून भुलू नका. चेन सहसा तुटून नाही, झिजून संपते.

दातांचा हिशोब

पिच बदलताना जुन्या दातांना १.२ ने गुणायचं. ६३० चं १५/४२ (पुढचे/मागचे दात) असेल तर १८ आणि ५०.४ येतात, म्हणजे १८/५०. गुणोत्तर २.८० वरून २.७८ होतं, चालवताना फरक कळणारही नाही. १७/४८ घेतलं तर २.८२, तेही ठीक. पण निवड केवळ गुणोत्तरावर करू नका. ६३० च्या १५ दातांचा पिच व्यास ९१.६ मिमी आहे, ५३० च्या १८ दातांचा ९१.४, तर १७ दातांचा ८६.४. पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेनचा वरचा पदर खाली येतो आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटजवळच्या, म्हणजे सांध्याजवळच्या, रबरी पट्टीवर घासत राहतो. शिवाय लहान स्प्रॉकेटवर प्रत्येक कडी जास्त कोनात वळते, झीज वाढते. जागा असेल तर १८ दातीच घ्या.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असेल तर गुणोत्तर बदललं की काटा चुकीचा वेग दाखवेल. पुढच्या चाकावरून निघत असेल तर प्रश्न नाही.

चेनची रेषा

चेनची रेषा म्हणजे पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात एका सरळ रेषेत असणं. बहुतेक बदल फसतात ते इथे. ५३० च्या स्प्रॉकेटचा दात साधारण ८.७ मिमी जाड असतो, ५२० चा ५.८ च्या आसपास. मागचं स्प्रॉकेट सपाट असेल आणि आतल्या बाजूने हबवर (चाकाच्या मध्यभागावर) टेकत असेल, तर पातळ स्प्रॉकेट लावल्यावर दाताची मध्यरेषा सुमारे १.४५ मिमी आत, चाकाकडे सरकते. पुढच्या स्प्रॉकेटची मध्यरेषाही तेवढीच आणि त्याच दिशेने सरकली पाहिजे. चांगल्या कन्व्हर्जन किटमध्ये हे धरलेलं असतं. सुटी स्प्रॉकेट दोन ठिकाणांहून जमवली तर धरलेलं नसतं.

म्हणून जुनी स्प्रॉकेट काढल्याबरोबर व्हर्निअर घेऊन बसा. पुढच्याच्या शाफ्टवर टेकणाऱ्या मागच्या तोंडापासून दाताच्या मध्यापर्यंत मोजा, मग नव्याचं तेच मोजा. मागच्याचंही तसंच. दोन्हीकडचा फरक एक मिमीच्या आत जुळला तर काम पुढे न्या. न जुळल्यास पुढच्या स्प्रॉकेटमागे वॉशर घालण्याचा मोह टाळा, कारण त्याने नटाला मिळणारे आटे आणि लॉक बसायची जागा दोन्ही कमी होतात. मागच्या स्प्रॉकेटमागे नेमक्या जाडीची, सगळ्या बोल्टांना भोकं असलेली एकसंध चकती लेथवर करून घेणं हा खरा उपाय.

पुढच्या स्प्रॉकेटची स्प्लाइनवरची (शाफ्टवरच्या लांब खाचांवरची) जाडीही जुन्याइतकीच हवी. दात पातळ चालतात, मधला भाग नाही. तो पातळ झाला तर दोन बोल्टांची लॉक पट्टी शाफ्टच्या खाचेत नीट बसत नाही, स्प्रॉकेट आत-बाहेर खेळतं आणि शाफ्टच्या स्प्लाइन खाऊन टाकतं. तो शाफ्ट बदलायचा म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उघडणं आलं.

मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही हबमध्ये स्प्रॉकेटच्या स्टडला आटे नसलेला गुळगुळीत भाग असतो. जाड स्प्रॉकेटमध्ये तो पूर्ण बुडून राहतो, पातळमध्ये बाहेर डोकावतो. मग नट आट्यांच्या टोकाला जाऊन अडतो, टॉर्क रेंच टक करतं, आणि स्प्रॉकेट मात्र सैलच राहतं. नट घट्ट केल्यावर स्प्रॉकेट हाताने हलवून पाहा. हललं तर कडक स्टीलचा जाड वॉशर किंवा योग्य मापाचा स्टड लावा.

मागचं स्प्रॉकेट रस्त्याच्या वापराला स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियमचं हलकं, पण लवकर झिजतं.

काढणं आणि बसवणं

पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन चढलेली असतानाच सैल करा. आधी टॅब वॉशरचा दुमडलेला कान सरळ करा, गाडी गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाडीत) हे स्प्रॉकेट क्लचच्या मागे असतं, तिथे प्रायमरी केस उघडून क्लच काढावा लागतो, तेवढा वेळ धरूनच चाला. स्प्रॉकेट निघालं की मागचं ऑइल सील पाहा. ओलं दिसलं तर आत्ताच बदला. मागच्या हबमधले रबर डॅम्पर आणि स्प्रॉकेट कॅरिअरचं बेअरिंगही याच वेळी तपासा.

जुनी चेन तोडताना पिनचं डोकं ग्राइंडरने पट्टीच्या पातळीला आणा, मग चेन ब्रेकर लावा. डोकं न घासता दाबलं तर ब्रेकरची सुई मोडते.

नव्या चेनची लांबी स्प्रॉकेट हातात आल्यावरच ठरवा. दोन शाफ्टमधलं अंतर मिमीत मोजून दुप्पट करा आणि पिचने भागा. त्यात दोन्हींच्या दातांच्या बेरजेचा निम्मा मिळवा. मग दातांच्या फरकाला ६.२८ ने भागून वर्ग करा, त्याला पिचने गुणा, अंतराने भागा आणि तेही मिळवा. अंतर ५७० मिमी, १८/५० आणि १५.८७५ पिच धरला तर ७१.८१ + ३४ + ०.७२ = १०६.५३. कड्या सम संख्येतच घ्याव्या लागतात, म्हणून १०६ किंवा १०८. १०६ घेतल्या तर ॲक्सल सुमारे ४ मिमी पुढे येईल, १०८ घेतल्या तर जवळजवळ १२ मिमी मागे जाईल. नवी चेन असताना ॲक्सल खाचेच्या पुढच्या भागात असलेला चांगला, कारण पुढे झीज होईल तसं मागे सरकायला जागा लागते. पुढे ४ मिमी मोकळे असतील तर १०६.

जोडकडी (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) रिव्हेटची घ्या, ताकदीच्या गाडीला क्लिपची नको. चारही ओ-रिंग चेनसोबत आलेलं ग्रीस लावून बसवा. बाजूची पट्टी दाबताना शेजारच्या कडीची बाहेरून रुंदी व्हर्निअरने मोजा आणि तेवढ्यावर थांबा. जास्त दाबलीत तर ओ-रिंग चिरडते आणि कडी ताठ राहते. पिनचं तोंड फुलवल्यावर ते साधारण ५.५ ते ५.८ मिमी व्हायला हवं. चेनसोबतच्या कागदावर वेगळं माप असेल तर तेच खरं. फुलवलेल्या कडेला चीर दिसली तर ती जोडकडी फेकून नवी लावा. लहान गाडीवर क्लिपच वापरत असाल तर तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवा.

आता पुढच्या नटाला नवा टॅब वॉशर घाला, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा आणि कान दुमडा. मागचे नट समोरासमोर, क्रमाने.

स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबून चाक सरळ करू नका. दोन्ही बाजूंनी पिव्होटच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत मोजा. मग मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून ती पुढच्याशी जुळते का बघा. चाक सरळ असूनही पट्टी चुकत असेल तर रेषा स्प्रॉकेटचीच चुकली आहे, ती चाक तिरकं करून सुधारायची नसते.

ढिलाई खालच्या पदराच्या मध्यावर मोजा. मॅन्युअलमध्ये वेगळं नसेल तर २५ ते ३५ मिमी ठेवा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वात ताठ जागा धरून लावा. खरी परीक्षा सस्पेन्शन दबल्यावर असते: गिअरबॉक्सचा शाफ्ट, पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात ताणलेली असते. दोघांना गाडीवर बसवून ती स्थिती आणा. तिथेही १० मिमी खेळ उरला पाहिजे. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

कव्हर लावण्याआधी क्रँककेसच्या आतल्या भिंतीवर आणि स्विंगआर्मच्या बाजूला मार्करने जाड पट्टे ओढा. साध्या चेनसाठी आखलेल्या जागेत ओ-रिंगची चेन पिनांच्या टोकांकडे जास्त जागा घेते. हाताने चाक वीसेक वेळा फिरवा, मग एक छोटी फेरी मारून या. पट्टे कुठे खरवडलेले दिसले तर तिथे चेन लागते आहे, आणि ते सोडवल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका. पहिल्या ३०० ते ५०० किमीनंतर ढिलाई पुन्हा लावा आणि मागच्या स्प्रॉकेटच्या नटांना पुन्हा टॉर्क रेंच फिरवा.