ऑनलाइन मिटिंगमध्ये सगळ्यांना बोलतं कसं करायचं

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की माणसं भाड्याने पांगतात, कोण ठाण्याला, कोण बदलापूरला, मग सोसायटीची मिटिंग मोबाईलवरच होते आणि त्यात सेक्रेटरी, खजिनदार नि दोन मोठ्या आवाजाचे मेंबर सोडले तर बाकी सगळे म्यूटवर. गप्प आहेत म्हणजे त्यांना मान्य आहे असं अजिबात धरू नका.

आधी वेळ बघा. सातला ठेवली तर निम्मे लोक लोकलमध्ये, म्यूट काढला की "पुढील स्टेशन मुलुंड" सगळ्यांना ऐकू येतं. साडेनऊ बरं, जेवणं उरकलेली असतात. झूम फुकटचं असेल तर 40 मिनिटांत लाइन कट होते, म्हणून विषय एक, फार तर दोन.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "कोणाला काही विचारायचंय का?" असं विचारायचंच नाही, कोणी बोलत नाही. नाव घेऊन, नेमकं विचारायचं. आमच्याकडे नव्या फ्लॅटचा प्लॅन चालू होता तेव्हा एका काकूंना विचारलं, "काकू, ह्यात वॉशिंग मशीन कुठे ठेवाल?" काकूंना म्यूट काढायला वेळ लागला, तेवढा वेळ कोणी मधे बोललं नाही हे फार बरं झालं, मग म्हणाल्या मशीनला जागाच नाहीये, आणि कपडे वाळत कुठे घालायचे? झालं, ज्या बायका कधी तोंड उघडत नव्हत्या त्यांनी ओटा, देवघर, पिंपाची जागा सगळं काढलं. प्लॅन आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर टाकला होता म्हणून हे जमलं, ऐनवेळी शेअर केलेला मोबाईलच्या स्क्रीनवर धड दिसत नाही.

ज्यांना बोलायला संकोच वाटतो ते चॅटमध्ये लिहितात, ते मोठ्याने वाचून दाखवायला एक जण नेमा. लॅपटॉपवर झूम असेल तर स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता म्यूट निघतो, हे आधी शिकवून ठेवा. कॅमेऱ्याची सक्ती नको, भाड्याच्या वन आरकेत मागे पोरं अभ्यासाला बसलेली असतात.

एकच जण दामटून बोलत असेल तर चेअरमननीच सांगावं, "काका, मुद्दा लिहून घेतला, आता बाकीच्यांचं ऐकू." आणि खरंच लिहून घ्यायचं हं.

विषय 35 मिनिटांतच संपवा, उरलेली पाच मिनिटं मोकळी ठेवा, कारण "चला, नमस्कार" म्हटलं की मगच कोणीतरी "अहो एक विचारायचं होतं" म्हणतं आणि बिल्डरकडून भाड्याचा चेक अजून आला नाही हे तेव्हा कळतं.