दडा की नस? अचानक बंद झालेल्या कानाचा पहिला केसपेपर

नाशिकमध्ये कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करताना माझ्या टेबलावर येणाऱ्या चिठ्ठ्यांवरचा मजकूर जवळपास ठरलेला असतो : "कानाला दडा बसला आहे, थेंब व सर्दीची गोळी दिली, फरक नाही, कृपया पाहावे." कान कधी बंद झाला, पडदा दिसला का, फोर्क (ऐकणं तपासायचा, कंप पावणारा दोन फाट्यांचा धातूचा काटा) लावला का, यातलं काही त्यावर नसतं. आता, बहुतेकांचा तो दडाच असतो. सर्दी असते, नाहीतर रामकुंडात डुबकी मारल्यावर फुगलेला मळ असतो. काही जणांचा मात्र आतला कान गेलेला असतो, आणि तिथे उशीर महागात पडतो. कोर्टकचेरीची भीतीही बहुधा याच ठिकाणी खरी ठरते. सातपूर, सिडको, पंचवटी, निफाड, दिंडोरीकडे दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. पेशंटांनी वाचलं तर आमचीच कामं सोपी होतील.

आतला कान असा जाण्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात. त्याची व्याख्या अशी : ७२ तासांच्या आत, ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर निदान ३० डेसिबलची घट, आणि दोष आतल्या कानाचा. बहुधा एकाच कानाला होतो. बऱ्याचदा सकाळी उठल्यावर लक्षात येतं. कान भरल्यासारखा वाटतो, आत शिट्टी वाजते, काहींना गरगरतं. "भरल्यासारखा वाटतो" हे ऐकलं की आपला हात थेंबांच्या बाटलीकडे जातो. तो तिथेच थांबवायचा.

आधी तारीख पक्की करा. "कधीपासून?" म्हटलं की "झाले असतील चार-पाच दिवस" असं उत्तर येतं, आणि ते बिनकामाचं असतं. मी पेशंटला त्याचाच मोबाइल उघडायला लावते. त्या कानाला फोन लावून नीट बोलणं झालं तो शेवटचा कॉल कोणता? कॉलच्या यादीत दिवस सापडतो, बऱ्याचदा वेळसुद्धा. हे केसपेपरवर लिहा, कारण पुढचे सगळे निर्णय याच तारखेपासून मोजायचे आहेत. मग विचारा : चक्कर आली का, जीभ जड झाली का, एकाचे दोन दिसले का, तोंड वाकडं झालं का, हातपाय लुळा पडला का? यातल्या एकालाही "हो" आलं, तर कान बाजूला ठेवा आणि तडक मोठ्या रुग्णालयात पाठवा. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी कान असाच अचानक जातो. कानाला अपाय करणारी औषधं (टीबीची इंजेक्शनं, केमो) आणि मोठा आवाज (अंबडच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमधली पाळी, गणपतीतलं ढोलपथक), हेही विचाराच. आवाजाने होणारा त्रास सहसा दोन्ही कानांना होतो, तरीही विचारा.

मग कानात बघा. मळ दिसला की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि घात तिथेच होतो. मळ काढा. पिचकारी मारणार असाल तर पाणी अंगाच्या तापमानाइतकं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास हवं; गार किंवा जास्त गरम पाण्याने पेशंट खुर्चीतच भोवंडतो. पडद्याला भोक असल्याचा किंवा कान वाहिल्याचा इतिहास असेल तर पिचकारीला हात लावू नका. मळ निघाल्यावर विचारा, "आता आलं का ऐकू?" नाही म्हणाला तर मळाचा दोष नव्हता. मळ आणि नसेचा बहिरेपणा एकाच कानात सुखाने नांदू शकतात.

आता फोर्क. ५१२ हर्ट्झचा घ्या. २५६ चा फोर्क हाडाला इतका थरथरतो की पेशंट आवाजाऐवजी थरथरच सांगतो. टेबलाच्या कडेवर आपटू नका, स्वतःच्या कोपरावर हलकेच मारा. दांडा कपाळाच्या मधोमध टेकवा आणि एवढंच विचारा, "आवाज कुठे येतोय?" "या कानात येतोय ना?" असं विचारलंत तर तपासणी वाया गेली. पेशंट पुष्कळदा मनाशी म्हणतो, हा कान तर बंद आहे, यात कसा येईल, आणि चांगल्या कानाकडे बोट दाखवून मोकळा होतो. म्हणून आधी सांगा : "काका, बंद कानात जास्त आला तरी तसंच सांगा, त्यात चुकीचं काही नाही." मळ, सर्दी, पडदा यांचा दोष असेल तर आवाज बंद कानाकडे ओढला जातो. आतला कान गेला असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो.

त्यानंतर फोर्क कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर, म्हणजे हवेत, धरून तुलना करा. इथे एक सापळा आहे. कान पूर्ण गेला असेल तर हाडावर टेकवलेल्या फोर्कचा आवाज कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतो, आणि पेशंट म्हणतो, "हाडावर जास्त येतो." निष्कर्ष "मधल्या कानाचा दोष" असा दिसतो, प्रत्यक्षात कान ठार असतो. कपाळावरची तपासणी आधी केली असेल तरच ही गफलत पकडता येते. म्हणून दोन्ही करा, दोन्ही लिहा.

फोर्क नसेल, किंवा पेशंट फोनवर असेल, तर त्याला तोंड मिटून "हूंऽऽ" म्हणायला सांगा. हुंकार बंद कानात घुमला तर दड्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात आला तर त्याला त्याच दिवशी बोलवा. याने निदान पक्कं होत नाही, पण घाई किती करायची ते कळतं.

फोर्क चांगल्या कानाकडे गेला, की ऑडिओग्राम. आज, नाहीतर उद्या. कान-नाक-घसा सर्जनांच्या अमेरिकी अकादमीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं १४ दिवसांची मुदत सांगतात, पण ती शेवटची हद्द आहे, दिवाळीनंतर या म्हणायची सवलत नव्हे. त्याच तत्त्वांनुसार डोक्याचा सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्यांचा गठ्ठा, विषाणूवरची औषधं, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं हे सरसकट करू नये. एमआरआय मात्र नंतर करून घ्यायचा, कारण थोड्या पेशंटांत ऐकण्याच्या नसेवर गाठ निघते. आणि ती आपली लाडकी बी-१२ ची इंजेक्शनं आणि "नसेच्या गोळ्या"? त्यांनी अपाय फारसा होत नाही, पण पेशंटला वाटतं उपचार सुरू झाले, आणि तो निवांत घरी बसतो.

आता खरा अवघड भाग, स्टेरॉइड. जगभर तेच देतात, मीही देते. पुरावा मात्र लोकांना वाटतो तितका ठणठणीत नाही. १९८० च्या एका छोट्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ६१ टक्के सुधारले आणि खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ३२ टक्के. सगळी इमारत बरीच वर्षं त्यावरच उभी होती. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २०११ च्या अमेरिकेतल्या २५० पेशंटांच्या चाचणीत पडद्यातून कानात दिलेलं इंजेक्शन तोंडी गोळ्यांपेक्षा कमी पडलं नाही. मधुमेहींसाठी हे फार कामाचं. जर्मनीतल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जबर डोस देऊन जास्त फायदा झाला नाही, उपद्रव मात्र वाढले. म्हणून मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीच्या स्टेरॉइडबद्दल "द्याच" म्हणत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत "देऊ शकता" एवढंच म्हणतात. दोन ते सहा आठवड्यांच्या टप्प्यात पुरेसा फरक पडला नसेल, तर कानातलं इंजेक्शन द्यावं म्हणतात.

अशा वेळी निर्णय पेशंटबरोबर बसूनच घ्यावा लागतो, आणि कानाच्या पेशंटबरोबर बसणं म्हणजे त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसणं. हे मुद्दाम सांगते. पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते, साखर कायमची वर. प्रश्न मी त्यांना विचारत होते आणि उत्तरं मुलगा देत होता. बाबा समोर नजर लावून गप्प. मी खुर्ची उचलून पलीकडे नेली, तर बाबाच बोलायला लागले.

"मॅडम, गोळ्या घेतल्या तर शंभर टक्के येईल का?"

"नाही, दादा. न घेताही बऱ्याच जणांचा येतो. घेतल्याने शक्यता वाढते असं आम्हाला वाटतं, खात्री नाही. तुमची साखर मात्र नक्की वाढेल."

"मग दुसरं काय?"

"कानात इंजेक्शन. साखरेला धक्का कमी. पण टोचताना दुखतं, थोडा वेळ चक्कर येते, क्वचित पडद्याला भोक राहतं."

"आणि काहीच नाही केलं तर?"

हा प्रश्न पेशंटने विचारला नाही, तर तुम्ही स्वतःहून त्याचं उत्तर द्या. त्यांनी इंजेक्शन निवडलं. मी त्यांना म्हटलं, आता हे मुलाला तुमच्या शब्दांत सांगा. त्यांनी सांगितलं, त्यात पडद्याच्या भोकाचं राहून गेलं, ते मी पुन्हा समजावलं. मग सही. मुलाची नव्हे, त्यांची. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं : शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटच्या बदली नातेवाइकाची संमती चालत नाही, तपासणीपुरती घेतलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि उपचार काय, पर्याय काय, मोठे धोके काय, नकार दिला तर काय होईल, एवढं सांगितलेलं असावं लागतं. आपल्याकडे छापील फॉर्मवर "सर्व धोके समजावले" लिहून घरातल्या कुणाचीही सही घेतात. त्या कागदाची किंमत शून्य धरा.

निष्काळजीपणाबद्दल डॉक्टरांमध्ये गैरसमज भरपूर आहेत. १९९५ च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, हे सगळ्यांना पाठ आहे. कान परत आला नाही एवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही, हे मात्र फार कमी जणांच्या डोक्यात असतं. जेकब मॅथ्यू खटल्यात, २००५ मध्ये, न्यायालयाने कसोटी सांगितली : त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का? फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. आता हे कानाला लावून पाहा. स्टेरॉइड दिलं, नाही दिलं, गोळी दिली, इंजेक्शन दिलं, यातलं काहीही कारणासकट लिहिलेलं असेल तर त्याचा बचाव करता येतो, कारण शास्त्रातच मतभेद आहेत. फोर्क न लावता "दडा" लिहून दोन आठवडे थेंब देत राहणं, याचा बचाव कुणी करायचा? मतभेदाला तिथे जागाच नाही.

आणखी एक, थोडं कडू : आपल्या नोंदणीत बसत नाही ते औषध लिहू नका. होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली तो निष्काळजीपणाच, असं १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात ठरलं. शंका असेल तर फोन करा आणि फोन केल्याची वेळ लिहा.

केसपेपर लांबलचक नको. माझ्या मते एवढा पुरे :

"उजवा कान, परवा रात्री ९ नंतर बंद (कॉलवरून खात्री). शिट्टी आहे, चक्कर नाही, बोलणे-चेहरा-हातपाय ठीक. मळ काढला, ऐकण्यात फरक नाही, पडदा स्वच्छ. ५१२ : कपाळावर डावीकडे, उजवीकडे हवेतून जास्त. आतल्या कानाचा दोष वाटतो. मधुमेह आहे. आजच ऑडिओग्राम व कानाच्या डॉक्टरांकडे. उशिराचा धोका पेशंटला सांगितला, समजला."

शेवटच्या ओळीखाली पेशंटची सही, तारीख, वेळ. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. संध्याकाळी रिसेप्शनवरून एक फोन : "गेलात का?" नाही गेला तर तेही लिहा.

पेशंट कधीकधी एखाद्या मेडिकल कॉलेजात पोचतो आणि तिथे त्याला अभ्यासात घेण्याबद्दल विचारतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात असल्याने प्रबंधांची कामं इथे कायम चालू. पेशंट तुम्हाला विचारायला आला तर घाबरवू नका. उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती हे दोन वेगळे कागद असावेत, माहितीपत्रक मराठीत असावं, एथिक्स कमिटीची मंजुरी असावी, औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक असावा. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. "मला कुठला गट मिळणार?" याला प्रामाणिक उत्तर "चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल" हेच आहे. ते टाळणाऱ्याकडे सही करू नये, असं मी सरळ सांगते.

उपचार संपल्यावर एक ऑडिओग्राम, आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा एक. कान परत आला नाही तर श्रवणयंत्राची वाट दाखवा. एका कानावर चालतंय म्हणून लोक ते टाळतात आणि मग द्वारका सर्कलला हॉर्न कुठून आला ते कळत नाही.

कधी नातेवाईक रागाने कागद मागायला आलेच, तर वाद घालू नका. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी आल्यावर ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्याव्या लागतात. मागणी लेखी घ्या, पोच द्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा. त्या रात्री केसपेपरवर एक अक्षरही वाढवू नका. शाई आणि अक्षराचा फरक समोरच्या वकिलाला लगेच दिसतो. काही राहिलं असेल तर आजच्या तारखेने वेगळ्या कागदावर लिहा. दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. ओपीडीचेही तितकेच ठेवा, कारण ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि उशीर माफही होऊ शकतो. नोटीस आली तर उत्तर लिहायला बसण्याआधी इंडेम्निटी पॉलिसी (अशा दाव्यांसाठी डॉक्टरने घेतलेला विमा) कपाटातून काढून विमा कंपनीला लेखी कळवा.